खुर्ची उलटी करणाऱ्या बाई

सुलोचनाबाई कुणाच्या घरी गेल्या की आधी खुर्ची उलटी करायच्या आणि मग बसायच्या. आमच्या आळे गावात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे बाई येणार असं कळलं की शहाणी माणसं घाईघाईने सतरंजी अंथरायची आणि 'बाई, खाली ऐसपैस बसू' म्हणायची. बाई ऐकतात होय! 'गुडघे गेलेत माझे, खुर्ची आणा' म्हणून त्या दारातच उभ्या राहायच्या. मग नाइलाजाने खुर्ची यायची. बाई पदर खोचायच्या, खुर्ची पालथी घालायच्या, केसातला आकडा काढून खालून रंग खरवडायच्या, आणि त्या घराण्याच्या थोरवीतली पन्नासेक वर्षं जागच्या जागी कमी करायच्या. चहा त्यानंतर. तो बहुतेक वेळा बिनसाखरेचा यायचा, आणि बाईंना डायबेटिस नव्हता.

माझा आळेफाट्याला, नाशिक रस्त्यावर जुन्या लाकडी सामानाचा धंदा आहे. दारं, खांब, पलंग, खुर्च्या, जे पडक्या घरातून निघेल ते. गिऱ्हाईक म्हणजे रिसॉर्टवाले. माळशेजपासून भीमाशंकरपर्यंत डोंगराला जिथे जिथे उतार आहे तिथे तिथे आता रिसॉर्ट आहे, आणि प्रत्येक रिसॉर्टवाल्याला एकच वस्तू हवी असते, ती म्हणजे 'काहीतरी ब्रिटिशकालीन'. मी गिऱ्हाइकाचं मन मोडणारा माणूस नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून मी त्यांवर 'ब्रिटिशकालीन' असं रंगवून ठेवलं होतं आणि आलेल्या मालाला ते तुकडे बांधत होतो.

अशाच एका खुर्चीपुढे एक दिवस एक बुटक्याशा बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती इस्त्रीचं पातळ, जाड भिंगाचा चष्मा, हातात भाजीची पिशवी. त्यांनी पुठ्ठा वाचला, पिशवी माझ्या हातात दिली, खुर्ची उलटी केली आणि खालच्या फळीवरून बोट फिरवलं. मग मला जवळ बोलावून दाखवलं. फळीवर करवतीच्या गोल गोल रेघा होत्या. हातकरवतीची रेघ सरळ आणि वेडीवाकडी असते, गोल रेघ म्हणजे विजेवरची गिरणी, हे त्यांनी मला चौथीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. आणि शेवटी म्हणाल्या, "ब्रिटिश गेले तेव्हा ही अजून झाड होती."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'ब्रिटिश' ठेवलं. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन झाली की त्या गोडाउनला यायच्या आणि बाहेरूनच विचारायच्या, "काय ब्रिटिश, नवीन काय खोटं आणलंय?" समोर गिऱ्हाईक असलं तर जरा मोठ्याने विचारायच्या.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भाच्याच्या घराशेजारी दोन खोल्यांत राहायच्या. निवृत्त शिक्षक साधारणपणे एकतर प्लॉटिंगच्या धंद्यात पडतात किंवा अध्यात्मात. बाई खुर्च्यांत पडल्या. खुर्चीचं वय काढायचं शास्त्र त्यांनी स्वतःच्या मनाने बसवलं होतं, आणि त्यातली कलमं त्या मला न विचारता शिकवायच्या. लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा जुना, तारेचा गोल खिळा नवा. डोक्यावर आडवी खाच असलेला स्क्रू जुना, चांदणीचा स्क्रू नवा. बैठकीचा वेत भोकाभोकांतून हाताने ओवलेला असेल तर नमस्कार करायचा, तयार जाळी खाचेत चिकटवलेली असेल तर नमस्कार परत घ्यायचा. लांब हातांची, पाय पसरून पडायची खुर्ची असेल तर ती बंगल्यातली. ताठ पाठीची असेल तर कचेरीतली, कारण कचेरीत आलेल्या माणसाला आराम वाटू नये हीच सरकारची इच्छा असते.

पण बाईंची खरी मात्रा होती ती बैलपोळ्याची. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे भादव्यात पोळा. बैलांची शिंगं ऑइलपेंटने रंगवायची आणि डब्यात उरलेला रंग टाकून कसा द्यायचा, म्हणून तो घरातल्या खुर्चीला, पाळण्याला नाहीतर संडासाच्या दाराला फासायचा, ही आमची परंपरा. त्यामुळे आमच्याकडच्या कुठल्याही खुर्चीला सागाचा रंग म्हणून नसतोच. ती एका वर्षी लाल, एका वर्षी निळी, एका वर्षी पोपटी. बाई आकड्याने ते थर उकलायच्या. सगळ्यात खाली हिंगूळ, म्हणजे शिंगांना लावायचा जुना तांबडा रंग, लागला की समजायचं, डब्यातला रंग गावात यायच्या आधीची खुर्ची. आणि सगळ्यात वरचा थर कोणता यावरून त्या घरात ट्रॅक्टर कधी आला ते सांगायच्या, कारण बैल गेले की खुर्ची रंगवायचं कारणच उरत नाही. एका माणसाने त्यांना सांगितलं की आमच्याकडे अजून बैल आहेत, शर्यतीचे. बाई म्हणाल्या, "मग तुमची खुर्ची नवी आणि बैल जुने."

जुन्नरात एका बड्या घरी 'पेशव्यांनी दिलेली खुर्ची' दिवाणखान्यात काचेच्या पेटीसारख्या कोनाड्यात ठेवली होती. सत्यनारायणाला बाई गेल्या, मी सोबत होतो. यजमानांनी कौतुकाने खुर्ची दाखवली. बाईंनी ती खाली काढायला लावली. हात जिथे पाठीला जोडला होता तिथे दोन चांदणीचे स्क्रू चकाकत होते. बाई बराच वेळ ते बघत राहिल्या आणि मग अत्यंत आदराने म्हणाल्या की पेशव्यांकडे असले स्क्रू होते हे इतिहासकारांना ताबडतोब कळवायला हवं, आपण उगीच पानिपत हरलो. आम्हाला प्रसाद द्रोणात मिळाला, बाकीच्यांना पुरीभाजीही मिळाली.

भाच्याच्या मुलीचं जमवायला नारायणगावाकडे गेलो तेव्हाची गोष्ट तर गावाने कितीतरी दिवस चघळली. मुलाकडच्यांनी सांगून ठेवलं होतं, घर जुनं, सगळं लाकूडकाम पणजोबांच्या हातचं. हॉलमध्ये कोरीव पाठीच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. भाच्याने बाईंचा हात धरून ठेवला होता. तेवढ्यात पोह्यांच्या बशा आल्या, त्याने बशी घ्यायला हात सोडला आणि बाईंनी खुर्ची उलटी केली. खाली पांढऱ्या रंगात मंडप डेकोरेटरचं नाव आणि नंबर. शेजारच्या खुर्चीखाली पुढचा नंबर. मुलाच्या बापाच्या घशात पोहे अडकले. भाचा उठायलाच निघाला होता. बाईंनी त्याला बसवलं, खुर्ची सरळ केली, तिच्यावर स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "माणसं खोटं बोलतात, पण खर्च करून बोलतात. मुलगी द्यायला हरकत नाही." लग्न झालं. संसार छान चाललाय. खुर्च्या आता प्लास्टिकच्या आहेत.

लोकांना वाटायचं, म्हातारीला दुसऱ्याचं खोटं उघडं पाडायचं वेड आहे. मलाही आधी तसंच वाटलं. पण मी एक बघितलं होतं. खुर्ची उलटी केली की बाई खिळे, करवत, रंग हे सगळं नंतर बघायच्या. पहिल्यांदा त्यांचा हात जायचा तो पायांमधल्या आडव्या दांडीवर. तिथे हात फिरवला की क्षणभर त्यांचा चेहरा उतरायचा, आणि मग जीभ चालू व्हायची. एकदा मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं.

बाईंची पहिली नेमणूक घाटघरला झाली होती. नाणेघाटाच्या तोंडाशी, रस्ता नाही, पावसात चार महिने जगाशी संबंध नाही. शाळा देवळात भरायची. शाळेची मालमत्ता म्हणजे एक फळा आणि एक खुर्ची. लोकल बोर्डाच्या काळातली, सागाची, उंच, ताठ पाठीची आणि वेताच्या बैठकीची खुर्ची. बाई पहिल्या दिवशी तिच्यावर बसायला गेल्या तर गावच्या कारभाऱ्यांनी हात जोडले. बाई, ही सायबाची खुर्ची. तुमी बसल्या आन तेवढ्यात सायेब आला मंजी? खुर्चीवर भरतकामाचा रुमाल अंथरलेला असायचा. पोळ्याला बैलांच्या बरोबरीने तिलाही रंग लागायचा. बाई तिथे होत्या तेवढी सगळी वर्षं त्यांनी उभं राहून शिकवलं. आणि साहेब? शाळा तपासायला साहेब दोनदा आले. पहिले आले ते भिजलेले बूट काढायला पायरीवर बसले ते तिथूनच परत गेले. दुसऱ्यांनी शिपायाला भिंतीवर तसबीर लावायला सांगितली. शिपाई खुर्चीच्या दांडीवर पाय देऊन चढला आणि दांडी मोडली. धोंडू नावाच्या एका पालकाने मग मोडक्या जुवाची शिवळ काढली, म्हणजे बैलाच्या मानेशी असते ती लाकडी खुंटी, आणि दांडीच्या जागी ठोकून बसवली.

"शिपाई उभा राहू शकला," बाई म्हणाल्या, "मी बसू शकत नव्हते."

मी म्हटलं, बाई, तुमच्यासारखी बाई गप कशी राहिली? दिवसाढवळ्या बसायचं, कोण काय करणार होतं. बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "तेव्हा मी विशीत होते. राहायला त्यांच्याच पडवीत, भाकरी त्यांच्याच चुलीवरची. शाळेत सहा मुली होत्या, त्याही मी दारोदार फिरून आणलेल्या. मी सकाळी खुर्चीत बसले असते तर दुपारी त्या मुली घरी बसल्या असत्या. खुर्ची किंवा मुली. मी मुली घेतल्या."

बदलीच्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की सगळे गेले की एकदा बसायचं. पण सगळे गेलेच नाहीत. निरोपाला अख्खा गाव आला, आणि ओटीचे नारळ ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते साहेबाच्या खुर्चीवर ठेवले गेले. नारळ बसले, बाई उभ्याच. पुढे नवी इमारत झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ती खुर्ची कुण्या भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. बाई मुख्याध्यापिका झाल्या, गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसल्या, पण मनातून ती खुर्ची गेली नाही. "मला ती विकत नको, घरी नको," त्या मला म्हणाल्या. "मला तिच्यावर एकदा बसायचंय. मरायच्या आधी जमलं तर बरं."

मला त्या दिवशी बाईंचं फार वाईट वाटलं. मी ते दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर त्यांनी माझीच खुर्ची उलटी केली असती. पण तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खुर्चीची दांडी मी आधी बघू लागलो.

एकदा घोडेगावच्या एका न्हाव्याच्या दुकानात तशी खुर्ची आहे असं कळलं. उंच, ताठ पाठ, खालची दांडी मूळची नाही. मी पिकअप काढली. बाईंनी त्या दिवशी नवीन पातळ नेसलं होतं आणि वाटेत चक्क कुणालाच नावं ठेवली नाहीत. दुकानात खुर्चीवर गिऱ्हाईक बसलेलं, अर्ध्या गालाला साबण. बाईंनी त्याला उठवलं. माणूस साबणासकट उठला, कारण बाईंचा आवाज ऐकून आमच्याकडे माणसं अजून उठतात. खुर्ची उलटी झाली. दांडीच्या जागी लाटणं होतं. पोळपाट-लाटण्यातलं, दोन्ही टोकांना निमुळतं.

न्हावी म्हणाला, "बायको माहेरी गेल्ती तवा बसवलं. लई मजबूत हाय."

बाई एवढंच म्हणाल्या की या दोन तालुक्यांत सुतार नावाची जमात होती की नव्हती. येताना त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. नारायणगाव मागे पडलं तरी बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या की माणसाला त्यांच्या जिभेची किंमत कळते.

मग बाईंचा शेवटचा उन्हाळा आला. तो शेवटचा आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांना असावं. गुडघ्यांमुळे बाजारात येणं बंद झालं होतं. एके दिवशी एक रिसॉर्टवाला गोडाउनला आला. घाटघरच्या अलीकडे त्याने नवीन रिसॉर्ट टाकलं होतं. त्याला जोडीला आणखी एक खुर्ची हवी होती, म्हणून त्याने आधीच्या खुर्चीचा फोटो मोबाइलवर दाखवला. रंग खरवडून काढलेला, वर चकचकीत पॉलिश, पुढे पितळी खांबांना बांधलेली लाल दोरी आणि बोर्ड. बोर्डावर लिहिलं होतं की ही इंग्रज कलेक्टरची शिकारीची खुर्ची असून तिच्या खालच्या दांडीवर तो बंदूक टेकवून ठेवत असे. बंदुकीच्या नळीने पडलेली खाच अजून दिसते. त्याखाली 'कृपया बसू नये'. मी फोटो मोठा केला. जाड, गोलसर दांडी आणि तिच्या एका टोकाला बैलाच्या गळ्याखालून जाणाऱ्या जोताच्या पट्ट्याने वर्षानुवर्षं घासून पडलेली खाच. बंदूक टेकवायला म्हणे! खुर्चीखाली बंदूक ठेवून हा कलेक्टर कुणाची शिकार करणार होता, उंदरांची?

मी बाईंकडे गेलो आणि म्हटलं, चला, एक ब्रिटिशकालीन खुर्ची बघायचीय. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता चपला घातल्या.

रिसॉर्टच्या हॉलमध्ये खुर्ची होती. बाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून दोरी ओलांडून मी ती आडवी केली. बाईंनी हात लांब करून शिवळीवर ठेवला. अंगठा त्या खाचेत नेमका बसला. मग आकडा काढून त्यांनी बैठकीच्या खालच्या सांध्यात खरवडलं. पॉलिशवाल्याचा हात तिथे पोचला नव्हता. आतून निळा निघाला, त्याखाली लाल.

"निळा माझ्या दुसऱ्या पोळ्याचा," बाई म्हणाल्या. "ठेव सरळ."

मी खुर्ची सरळ केली. एवढ्यात मॅनेजर धावत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, मुलगा पुण्याचा आणि नम्र. म्हणाला, "मॅडम, सॉरी, ह्या चेअरवर बसायला अलाउड नाहीये."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मला पहिल्यापासूनच नाही."

त्याला ते कळलं नाही. त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. कलेक्टर, अँटिक, ओनर असे शब्द त्याच्या तोंडून एकामागून एक येऊ लागले. आवाज ऐकून मागच्या अंगाने एक बाई आली. तिथे पाहुण्यांना गावाकडचं वाटावं म्हणून एक मातीची चूल मांडली होती आणि तिच्यावर दिवसभर भाकरी थापायला गावातल्याच एका बाईला ठेवलं होतं, ती ही. डोक्यावरून पदर, हात पिठाचे, केस बरेचसे पांढरे. ती दारात थांबली आणि सुलोचनाबाईंकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली. "मी सोनी. धोंडूची."

बाईंनी चष्मा वर केला. "सतराचा पाढा येत नव्हता तीच ना?"

"आजून न्हाई येत," सोनाबाई म्हणाली, आणि मॅनेजरकडे वळली. "बसू द्या त्यानला, सायेब. ही आमच्या शाळेची खुर्ची हाय. ती खालची शिवळ माझ्या बापानं ठोकल्याली. बंदूक न् बिंदूक काय न्हाय, आमच्या ढवळ्याच्या मानंची हाय ती."

मॅनेजर म्हणाला, पण बोर्डवर तर... बाईंनी पितळी खांबाचा आकडा सोडवला, लाल दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धर." त्याने धरली. आणि सुलोचनाबाई खुर्चीवर बसल्या.

बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. पाठ टेकवली. एकदा सरकून बघितलं, पुन्हा टेकवली. मला वाटलं आता डोळ्यांतून पाणी येणार; माझ्या तर आलंच होतं. बाई म्हणाल्या, "काय भिकार खुर्ची आहे. पाठीत रुततंय सगळं. उगीच नाही साहेब पायरीवर बसला."

सोनाबाई जवळ आली. पिठाचे हात तिने पाठीमागे धरले होते, लहानपणी शाळेत उभी राहायची तशी. "बाई, आमी तुमाला कधी बसल्यालं पाह्यलंच न्हाई," ती म्हणाली. "आमाला वाटायचं, तुमाला बसता येत न्हाई."

चुलीकडून करपल्याचा वास येऊ लागला. "जा," बाई म्हणाल्या, "भाकरी बघ." पण सोनाबाई गेली नाही, आणि बाईंनीही तिला पुन्हा सांगितलं नाही.

पुढे पावसाळ्यात बाई गेल्या. आळ्यात आता कुणीही पावण्याला बेधडक खुर्ची देतं. रिसॉर्टवाल्याने बोर्ड काढला का, ते मी बघायला गेलो नाही. माझे पुठ्ठे मात्र गोडाउनच्या कोपऱ्यात पडून आहेत. बांधायला हात होत नाही.

बाई खुर्चीवर बसल्या त्या दिवशी मी गाडी दारापाशी लावायला बाहेर गेलो आणि वळून बघितलं. मॅनेजर दोरी हातात धरून तसाच उभा होता, सोनाबाई खाली फरशीवर मांडी घालून बसली होती. खुर्ची साहेबाच्या मापाची, उंच. बाई बुटक्या. त्यांच्या चपला खाली पडल्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि सुलोचनाबाई ते हळूहळू हलवत होत्या.